तीन फुटी टाकीसाठी सिक्लिड कसे निवडावेत

दुकानातल्या टाकीत दीड इंचाचे दिसणारे ऑस्करचे पिल्लू नीट खाऊ घातले तर दीड-दोन वर्षांत फुटाच्या घरात पोहोचते, आणि त्याच दुकानात दोन टाक्या सोडून ठेवलेला शंखवासी मल्टिफॅशिएटस जन्मभर दोन इंचांच्या आतच राहतो. दोघेही सिक्लिड या माशांच्या कुळातलेच. त्यामुळे केवळ ‘सिक्लिड द्या’ एवढे सांगून दुकानात गेलेला माणूस काय घेऊन घरी येईल याचा नेम नसतो आणि सहा महिन्यांनी टाकीत एकच धट्टाकट्टा मासा उरला की त्याचे खापर पाण्यावर नाहीतर नशिबावर फोडले जाते.

या कुळात सतराशेच्या आसपास जाती आहेत. बहुतेक जाती आफ्रिकेत आणि मध्य व दक्षिण अमेरिकेत आढळतात. पण आपल्यालाही हे कुळ अनोळखी नाही. गोव्यात चवीने खाल्ला जाणारा काळुंदर सिक्लिडच आहे आणि उजनीच्या धरणातून बाजारात येणारी चिलापीही सिक्लिडच. १९५२ साली भारतात आणलेल्या मोझांबिक चिलापीची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते आणि आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या रंगीत सिक्लिडांची मादीही नेमके तेच करते. फरक आहे तो आकारमानाचा, स्वभावाचा आणि पाण्याचा. निवड करताना या तीनच गोष्टी पाहायच्या असतात, मात्र उलट्या क्रमाने: आधी आपले पाणी, मग आपल्या टाकीचा तळ आणि सर्वांत शेवटी मासा. प्रत्यक्षात बहुतेक जण आधी रंग पाहून मासा घेतात आणि मग उरलेल्या दोन गोष्टी त्याच्या गळ्यात बांधू पाहतात.

टाकी किती मोठी, यापेक्षा तळ किती मोठा

मध्यम टाकी म्हणजे येथे तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी धरली आहे. हिशेबाने तिच्यात सुमारे १५९ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात १३० लिटरांच्या आसपास राहते. काच, दगड, पाणी असे सगळे मिळून वजन २०० किलोच्या जवळ जाते, म्हणून ती साध्या टेबलावर किंवा टीव्हीच्या कपाटावर ठेवू नये. बाजारात याच लांबीच्या फूटभर रुंदीच्या टाक्या सर्रास मिळतात व त्या थोड्या स्वस्तही पडतात, पण सिक्लिडांसाठी त्या टाळाव्यात. हे मासे पाण्याच्या उंचीत राहत नाहीत, तळावर राहतात. प्रत्येक नर तळाचा एक तुकडा, एखादी कपार किंवा एखादा शंख आपला मानतो आणि तेथून इतरांना हुसकावतो. फूटभर रुंदीत दगडांची रास मांडली की पाठलाग होणाऱ्या माशाला वळायलाही जागा राहत नाही. म्हणून टाकी अजून घ्यायची असेल तर उंचीवर पैसे न घालवता रुंदी सव्वा किंवा दीड फूट करून घ्यावी. टाकी बनवून देणारे कारागीर मापाप्रमाणे बनवून देतात.

अँजल मासा हा या नियमाला मोठा अपवाद आहे. त्याचे पर वर-खाली पसरलेले असल्याने त्याला उंची लागते, आणि दीड फूट ही त्याच्यासाठी किमान उंची समजावी.

नळाला येणारे पाणी कोणत्या माशाचे आहे

मुंबईचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा यांसारख्या पावसावर भरणाऱ्या जलाशयांतून येते आणि पुण्याचे प्रामुख्याने खडकवासल्याच्या साखळीतून; हे पाणी बहुतांशी मृदू ते मध्यम असते. मराठवाड्यात, सोलापूर-नगरच्या पट्ट्यात किंवा शहराच्या कडेच्या सोसायट्यांत बोअरचे पाणी वापरात असेल तर ते बहुधा जड असते, आणि त्याची खूण म्हणजे बादलीच्या कडेला व नळाच्या तोंडाला जमणारा पांढरा थर. टँकरचे पाणी आज एक, उद्या दुसरे. तेव्हा अंदाजावर न जाता पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी), जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) आणि केएच (कार्बोनेटांमुळे येणारा जडपणा) तपासणारे थेंबांचे किट आणावे. घरात पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राबरोबर मिळालेला टीडीएस मीटर अनेकांकडे असतो, पण तो पाण्यात एकूण किती क्षार विरघळले आहेत तेवढेच सांगतो. ते क्षार कॅल्शियमचे आहेत की साध्या मिठाचे, हे त्याला कळत नाही.

मलावी सरोवराच्या पाण्याचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ असतो, आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवराचे पाणी त्याहून अधिक क्षारयुक्त आणि पीएच ९ च्या आसपास जाणारे. याउलट ओरिनोको आणि अमेझॉनच्या खोऱ्यांतले छोटे सिक्लिड मृदू, किंचित आम्लधर्मी पाण्यातले. पैदाशीच्या टाक्यांत अनेक पिढ्या वाढलेले मासे बरेच जुळवून घेतात हे खरे, तरीही आपल्या नळाशी भांडण न करता मासा निवडणे केव्हाही सोपे. जड पाणी मृदू करायचे तर दर आठवड्याला आरओचे पाणी मिसळत बसावे लागते आणि हा उत्साह पहिल्या दोन-तीन महिन्यांतच आटतो. मृदू पाणी जड करणे त्यामानाने फारच स्वस्त आणि सोपे आहे, म्हणून मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी दोन्ही वाटा मोकळ्या आहेत आणि बोअरवाल्यांसाठी प्रामुख्याने आफ्रिकी सरोवरांची.

पाणी जड करण्यासाठी तिसऱ्यांचे किंवा कालवांचे रिकामे शिंपले स्वच्छ धुऊन, उकळून, फोडून फिल्टरमधल्या जाळीच्या पिशवीत ठेवावेत. पाणी वाहत राहते तसतसे त्यांतले कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू विरघळते. दुकानात प्रवाळाचा चुरा मिळाला तरी घेऊ नये: प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि शिंपल्यांनी तेच काम फुकटात होते. केएच लगेच वाढवायचा असेल तर १०० लिटर पाण्याला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा घातल्याने तो साधारण एका अंशाने वाढतो. सोडा आधी तांब्याभर पाण्यात पूर्ण विरघळवून, टाकीत थेट न ओतता बदलायच्या नव्या पाण्यात मिसळावा आणि एका दिवसात एक-दोन अंशांहून अधिक बदल करू नये. येथे बेकिंग पावडर चालत नाही आणि धुण्याचा सोडा तर मुळीच नाही. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी जड असते म्हणून तेच मलावीच्या टाकीत घालावे, असा सल्ला कधीकधी दिला जातो. पण त्यात क्षारांबरोबर मूळ पाण्यातली नको असलेली द्रव्येही अधिक प्रमाणात येतात, त्यामुळे तपासणी केल्याशिवाय तो मार्ग धरू नये.

पालिकेच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेटचे द्रावण पुरते. दुकानात ते अँटी-क्लोरीन या नावाने मिळते.

तापमानाचाही विचार याच टप्प्यावर करावा, कारण तो निवडीत गुंतलेला आहे. विदर्भात मे महिन्यात घरातल्या टाकीचे पाणी सहज ३२-३३ अंशांवर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि दाटीने ठेवलेल्या मलावीच्या माशांना त्याचा पहिला फटका बसतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागले की समजावे. टाकीवरचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा येईल असा छोटा पंखा लावल्यास बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. तेवढ्यावरही भागणार नसेल तर माशांची संख्या मुळातच कमी ठेवावी. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट स्थिती असते, आणि तेथे या टाकीसाठी १५० वॅटचा हीटर लागतो.

मलावीचे खडकवासी: पहिली पसंती

मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या छोट्या सिक्लिडांना तिकडे म्बुना म्हणतात. खाऱ्या पाण्यातल्या माशांची आठवण व्हावी असे रंग, दिवसभर हालचाल आणि जड पाण्याची आवड या तिन्हींमुळे तीन फुटी टाकीसाठी हा गट सर्वांत योग्य आहे. अट इतकीच की त्यातल्या मोजक्याच जाती घ्याव्यात. दुकानांत ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून जी सरमिसळ विकली जाते तीत ऑरॅटस आणि केनयी हमखास असतात. ऑरॅटसची पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची पिल्ले सगळ्या टाकीत उठून दिसतात, आणि तीच वर्षभरात टाकीतल्या निम्म्या माशांच्या जिवावर उठतात. चार फुटांहून लहान टाकीत त्यांना जागा नाही.

त्याऐवजी दोन पर्याय सुचवतो. पहिला, सौलोसी या एकाच जातीचा गट. सौलोसीची पिल्ले आणि माद्या गडद पिवळ्या, आणि वयात आलेला नर निळा होऊन त्याच्या अंगावर काळसर उभे पट्टे उमटतात. म्हणजे एकाच जातीत दोन रंगांचे मासे पाहायला मिळतात आणि संकराची भीती राहत नाही. हा बदल पाहण्यासारखा असतो. आधी पाठीवरच्या पराच्या कडेला काजळी धरल्यासारखी दिसते, मग पिवळ्या अंगावर मळकट छटा चढते, काही दिवस मासा आजारी असल्यासारखा भासतो, आणि मग डोक्याकडून निळा रंग खाली उतरू लागतो. मुख्य नर काढून घेतला तर दुय्यम नर काही दिवसांतच त्याची जागा घेऊन निळे होतात. निसर्गात हा मासा मलावीतल्या एका छोट्याशा खडकाळ भागापुरताच आढळतो, म्हणून पैदाशीचाच मासा घ्यावा. पूर्ण वाढीचा नर साधारण तीन इंचांचा. बारा-चौदा पिल्ले एकदम घ्यावीत, म्हणजे त्यांतून दोन-तीन नर आणि उरलेल्या माद्या अशी विभागणी सहसा होते. नर जास्त निघाले तर दुबळे नर काढून द्यावेत.

दुसरा पर्याय म्हणजे सहा येलो लॅब आणि सहा रस्टी. येलो लॅबचे शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सीरुलियस. लिंबासारखा पिवळा रंग, परावर काळी कड आणि म्बुनांच्या मानाने बराच शांत स्वभाव. रस्टी म्हणजे आयोडोट्रोफियस स्प्रेंगरे, गंजलेल्या लोखंडावर जांभळी झाक यावी तशा रंगाचा. दुकानातल्या दिव्याखाली तो अगदी मळकट दिसतो आणि म्हणूनच कोणी विकत घेत नाही, पण घरी स्थिरावल्यावर त्याच्याइतका निरुपद्रवी म्बुना शोधून सापडणार नाही. येलो लॅब आणि सौलोसी मात्र एकत्र ठेवू नयेत. दोन्हींच्या माद्या पिवळ्या असल्याने ओळखताना घोळ होतो आणि पुढे संकरित पिल्लांची भर पडते. डेमासोनी हा निळा-काळा मासा कितीही मोहक वाटला तरी तो आपल्याच जातीच्या माशांवर तुटून पडतो, आणि त्याचा राग वाटला जावा म्हणून बारा किंवा अधिक मासे एकत्र ठेवावे लागतात. पहिल्या टाकीत हा प्रयोग नको.

इतर माशांच्या बाबतीत टाकी विरळ ठेवावी हा नियम, पण म्बुनांच्या बाबतीत तो थोडा मोडावा लागतो. चार-पाच मासे ठेवले तर सर्वांत बलवान नर त्यांतल्या एकालाच लक्ष्य करून मारतो. बारा-चौदा असतील तर त्याचा पाठलाग विभागला जातो आणि कोणा एकाचा जीव जात नाही. याचा दुसरा अर्थ असा की फिल्टर दणकट लागतो. ताशी टाकीच्या सहा ते आठ पट, म्हणजे साधारण ८०० ते १,००० लिटर पाणी फिरवणारा फिल्टर लावावा, आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप हाताशी ठेवावा. आठवड्याला तीस टक्के पाणी बदलणे चुकवू नये.

दगडांसाठी लांब जायला नको. सह्याद्रीचा काळा दगड पाण्यात विरघळत नाही, धारदार कोपरे टाळून निवडला तर त्याची उत्तम कपारींची रास होते. दगड वाळूवर न रचता आधी तळाच्या काचेवर पातळ फोमचा तुकडा टाकून त्यावर बसवावेत आणि मग वाळू पसरावी, कारण हे मासे दगडाखालची वाळू तोंडाने उपसतात, आणि वाळूवर टेकवलेली रास एखाद्या रात्री ढासळून काच फोडू शकते.

खाद्याच्या बाबतीत एकच गोष्ट जपावी. बहुतेक म्बुना खडकांवरचे शेवाळ खरवडून खाणारे. त्यांचे आतडे लांब असते आणि मांसल, चरबीयुक्त खाद्याने त्यांना पोट फुगण्याचा आजार होतो, ज्यातून मासा क्वचितच वाचतो. बाजारातले जिवंत ट्युबिफेक्स किंवा ब्लडवर्म यांना घालू नयेत. स्पिरुलिना हे शेवाळ असलेले बारीक दाणे, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपतील एवढेच. अधूनमधून उकडलेला वाटाणा सोलून किंवा पालकाचे पान. येलो लॅब शेवाळाखेरीज कीटकही खातो, तरी एकत्र टाकीत सर्वांना शाकाहारी खाद्यच चालते.

टांगानिकाचे शंखवासी

टाकीत रंगांची उधळण नको, माशांचे वागणे पाहायचे आहे, अशांसाठी निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅशिएटस. ज्ञात सिक्लिडांमध्ये हा सर्वांत लहान जातींपैकी एक. नर पावणेदोन इंचांचा, मादी त्याहून लहान. टांगानिका सरोवराच्या तळावर पडलेल्या गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांत हे मासे राहतात, त्यांतच अंडी घालतात आणि पिल्लेही तेथेच वाढतात. शंख आपल्याला हवा तसा बसवण्यासाठी मासा त्याच्या खालची वाळू तोंडात भरून दूर नेऊन थुंकतो, शंख थोडा खाली बसला की पुन्हा येतो, दुसऱ्या बाजूने उकरतो. शेवटी शंखाचे फक्त तोंड वर राहते आणि बाकीचा भाग वाळूत गाडला जातो. हाताचे बोट टाकीजवळ नेले की क्षणात सगळी वसाहत शंखांत नाहीशी होते, आणि थोड्या वेळाने एकेका तोंडातून डोळे बाहेर येतात.

तीन फुटी टाकीत यांची पूर्ण वसाहत मावते. सहा ते आठ मासे, माशामागे किमान तीन शंख आणि दोन इंच बारीक, धारहीन वाळू एवढी तयारी पुरेशी आहे. शंखासाठी तळ्यातल्या मोठ्या गोगलगाईचे रिकामे शंख उकळून वापरता येतात. निमुळत्या, आतून अरुंद होत जाणाऱ्या शंखांत मासा अडकण्याची शक्यता असल्याने ते टाळावेत. पाणी मात्र जड आणि पीएच ८ च्या वर हवे. पुण्या-मुंबईच्या मृदू पाण्यात शिंपले आणि सोडा दोन्ही लागतील. या माशांबरोबर म्बुना ठेवू नयेत. म्बुना शंखवासींना खाण्यापिण्यातही टिकू देत नाहीत. याच सरोवरातला ब्रिचार्डी हा दुसरा सुंदर मासा, ज्याची मोठी पिल्ले धाकट्या भावंडांची राखण करतात. पण एकदा जोडी जमली की ती हळूहळू सगळी टाकी ताब्यात घेते, म्हणून त्याला स्वतंत्र टाकी द्यावी.

शंखवासी मासे दुकानात सहज मिळत नाहीत आणि मिळाले तरी महाग असतात. हौशी पैदासकारांकडून घेतलेले मासे अधिक खात्रीचे, कारण वसाहत वाढली की त्यांनाही मासे देऊन टाकायचेच असतात.

मृदू पाण्यासाठी: क्रिब, बोलिव्हियन रॅम, अँजल

ज्यांना टाकीत झाडे हवी आहेत त्यांनी आफ्रिकेच्या सरोवरांकडे वळू नये. म्बुना झाडे कुरतडतात किंवा उपटतात. झाडांच्या टाकीत क्रिबेन्सिस हा सर्वांत भरवशाचा सिक्लिड आहे. हा मूळचा नायजेरिया आणि कॅमेरूनचा; मादीचे पोट विणीच्या वेळी जांभळट लाल होते आणि ती नरापेक्षा देखणी दिसते, हे सिक्लिडांत सर्रास आढळत नाही. पोट वळवून, थरथरत ती नराला आपल्या गुहेकडे नेते. गुहेसाठी अर्धवट फोडलेली मातीची कुंडी किंवा नारळाची करवंटी पुरते. पाणी बरेच आम्लधर्मी असेल तर पिल्लांत नरांचे प्रमाण वाढते, म्हणून पिल्ले वाढवायची असल्यास पीएच ७ च्या जवळ ठेवावा. तीन फुटी टाकीत एकच जोडी ठेवावी. वरच्या थरात पोहणारे डॅनिओ किंवा रास्बोरा सोबत असले की जोडी निर्धास्त राहते. पिल्ले असताना जोडी तळावर येणाऱ्या कोणालाही, अगदी आपल्या हातालाही, टोचते; कोरी कॅटफिशसारखे तळावरचे मासे यांच्यासोबत सुखी नसतात.

बोलिव्हियन रॅम आणि जर्मन ब्लू रॅम यांच्यात निवड करायची असेल तर बिनदिक्कत बोलिव्हियन घ्यावा. ब्लू रॅम दुकानात चमकतो, पण त्याला २७ ते ३० अंश तापमान, मृदू आणि अतिशय स्वच्छ पाणी लागते, आणि बेसुमार पैदाशीमुळे बाजारातली बरीच पिल्ले मुळातच अशक्त असतात. नव्या टाकीत तो काही आठवड्यांत दगावतो आणि माणूस हा छंदच सोडून देतो. बोलिव्हियन रॅम तीन इंचांचा, संयमी रंगाचा, वाळू चाळून खाणारा आणि काटक आहे. चार ते सहा मासे एकत्र ठेवता येतात. मात्र विदर्भ-मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात ब्लू रॅम उबदार पाण्याला सरावलेला असल्याने जमेची बाजू त्याच्याकडे जाते. टाकी वर्षभर स्थिरावलेली असेल तरच त्या वाटेला जावे.

अँजल घ्यायचे तर पाच-सहा पिल्ले घ्यावीत, जोडी जमल्यावर ती ठेवून उरलेली परत द्यावीत. मोठा अँजल निऑन टेट्रा गिळतो, यात त्याचा दोष नाही. निऑन त्याच्या तोंडात मावतो एवढेच. डिस्कस तीन फुटी टाकीत नको.

या टाकीत न घ्यायचे मासे

ऑस्कर, सेव्हरम, जॅक डेम्प्सी, ग्रीन टेरर, जॅग्वार, व्हेनुस्टस, फ्रॉन्टोसा: हे सगळे दोन इंचांचे असताना विकले जातात आणि सगळ्यांना मोठी टाकी लागते. कॉन्व्हिक्टची जोडी एवढ्या जागेत राहते, पण दर महिन्या-दोन महिन्याला शेकड्याने पिल्ले देते व ती घ्यायला कोणी तयार नसते. फ्लॉवरहॉर्न हा मलेशियात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार केलेला संकर. डोक्यावरचा फुगवटा लक्ष्मी आणतो अशा समजुतीने आपल्याकडे तो चढ्या भावाने विकला जातो. लक्ष्मीचे काय ते ज्याचे त्याने पाहावे, पण तीन फुटी टाकीत हा एकटाच राहतो, आणि त्याच्यासाठीही ती टाकी पुढे अपुरी पडते. ब्लड पॅरट हाही संकरच, ज्याचे तोंड नीट मिटत नाही. टोचून किंवा बुडवून रंगवलेले जांभळे, हिरवे पॅरट आणि अंगावर अक्षरे कोरलेले मासे तर कोणत्याही परिस्थितीत घेऊ नयेत.

आपल्याकडचा ऑरेंज क्रोमाइड या यादीत बसत नाही हे आवर्जून सांगावेसे वाटते. दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या खाड्यांतला व नद्यांतला हा तीन इंची, हळदीच्या रंगाचा सिक्लिड गोड्या किंवा किंचित खाऱ्या जड पाण्यात छान राहतो. सहा-आठांचा गट ठेवला तर तीन फुटी टाकी भरलेली दिसते, आणि नर-मादी दोघे मिळून पिल्ले सांभाळतात. काळुंदर मात्र वीतभर वाढतो. तो पाळायला लहान टाकी पुरत नाही.

खरेदीच्या दिवशी

टाकी आधी चार ते सहा आठवडे चालवून अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी असलेली द्रव्ये शून्यावर आल्याचे किटने पाहिल्याशिवाय मासे आणू नयेत. दुकानात मासा निवडताना पोट पाहावे: खपाटीला गेलेले पोट आणि मागे लोंबणारी पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा म्हणजे आतड्याचा रोग. एका कल्ल्यानेच श्वास घेणारा, कोपऱ्यात डोके वर करून थांबलेला किंवा दगडावर अंग घासणारा मासा घेऊ नये, आणि त्याच टाकीतला दुसरा मासाही घेऊ नये. दीड इंचाच्या पिल्लावर झगझगीत नराचा रंग दिसत असेल तर संशय घ्यावा, कारण संप्रेरके देऊन लवकर रंगवलेली पिल्ले बाजारात असतात आणि घरी आल्यावर त्यांचा रंग उतरतो. दुकानदाराला मासे खायला घालायला सांगावे. जे झडप घालतात ते निरोगी, पण सर्वांत आधी येऊन इतरांना ढकलणारा नर मात्र तेथेच राहू द्यावा. घरी त्याला सांभाळणे जड जाते.

म्बुना असोत की शंखवासी, टाकीतले सगळे मासे एकाच दिवशी, एकाच वयाचे सोडावेत. थोडे-थोडे करून आणले तर आधीचे मासे जागा वाटून घेतात आणि नंतरच्यांना जगू देत नाहीत. पुढे भर घालायचीच वेळ आली तर दगडांची मांडणी बदलून, दिवे मालवून मासे सोडावेत, म्हणजे जुन्यांचेही ठाणे मोडलेले असते. एखादा नर सगळ्यांना बेजार करू लागला तर त्याला जाळीच्या पेटीत किंवा दुसऱ्या टाकीत चार दिवस ठेवून परत सोडावे. तोवर इतरांची उतरंड नव्याने लागते आणि परतलेल्याला खालून सुरुवात करावी लागते. तरीही तो वठणीवर आला नाही तर दुकानात परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या एखाद्या हौशी माणसाला द्यावा. जवळच्या तळ्यात किंवा नदीत तो सोडू नये. चिलापीने आपल्या जलाशयांत काय केले ते मासेमारी करणाऱ्या कोणालाही विचारता येईल.